अळूचे संदर्भ

बढतीच्या मुलाखतीत अध्यक्षांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "मॅडम, अळूची खाज घालवणाऱ्या तुमच्या जनुकाला मार्चपर्यंत अकरा संदर्भ होते. आज चार हजार?"

शोधनिबंधांतले उल्लेख आता कुणी मोजत नसे. संशोधकाचं जनुक असलेलं प्रत्येक रोप म्हणजे एक संदर्भ, आणि ती रोपं ड्रोन मोजत.

डॉ. मृणाल तळवणेकर ओशाळल्या. "आईला कंद दिले होते. तिने भजनी मंडळात वाटले."

"इतके पसरले?"

"अळूचे कंद कोणी विकत घेतं का, सर? शेजारीण मागते, आपण देतो."

बढती मिळाली. संध्याकाळी आईने अळूचं फतफतं केलं आणि खाजू नये म्हणून चिंच घातली.

"आई, हे अळू खाजत नाही गं."

"तुझे चार हजार संदर्भ असू देत," आई म्हणाली. "चिंच हा माझ्या आईचा संदर्भ आहे."