तांदळातली रोल्स रॉईस

उत्तर न दिलेलं ते पत्र आनंदरावांना रोज आठवत होतं. पत्र आलेलं धोंडाबाईंना; त्यांना लिहिता-वाचता येत नसल्याने पत्ता मात्र भोरचा, आनंदरावांच्या घरचा. तीन आठवड्यांत आनंदरावांनी सहा मसुदे फाडले होते. एवढ्या मोठ्या कौतुकाला शोभतील असे आभार आपल्याला मानता येतील, असं त्यांना वाटेना.

मंगळवारी धोंडाबाई वेल्ह्याहून एसटीने आल्या. बसल्यासुद्धा नाहीत.

"धाडलं का उत्तर, भाऊ?"

"नाही अजून."

"एवढी कपाटभर पुस्तकं वाचून चार वळी जमंनात व्हय?"

आनंदराव ओशाळले. त्यांनी पत्र पुन्हा वाचून दाखवलं. तांदूळ विकणाऱ्या कंपनीतल्या सोनियाबाईंनी लिहिलं होतं, ‘तुमच्या गुंजवणी नदीकाठच्या शेतातला तांदूळ म्हणजे तांदळातली रोल्स रॉईस. पुण्यात गिऱ्हाईक आता चांगला तांदूळ मागत नाही, धोंडाबाई द्या म्हणतं. पुढच्या महिन्यात शेतावर येऊन तुमचे नवे फोटो काढायचे आहेत.’

"ते रोल का काय, ते काय असतं?"

"मोटार. इतकी उत्तम, की तिचं नाव मोटारीपुरतं उरलं नाही. सरस पंखा असला तरी पंख्यांतली रोल्स रॉईस म्हणतात."

"आन ती मोटार खरंच हाय? का नुसतं नावच?"

"आहे तर! कारखान्यात बनते."

"मंग तिचं बरं हाय."

धोंडाबाईंनी पिशवीतून तांदळाचं पाकीट काढून टेबलावर आपटलं. त्यावर त्यांचाच हसरा चेहरा छापला होता.

"लेकीच्या सासरी ह्योच शिजवला. नुसता लगदा. इहीनबाई चारचौघांत म्हनल्या, ह्योच का तुमचा नावाजलेला? जल्मभर ज्या तांदळावर मान घेतला, त्याची ही शोभा!"

"एखाद्या वर्षी पीक हलकं उतरतं, धोंडाबाई," आनंदराव समजुतीने म्हणाले.

"पीक?" त्या कडाडल्या. "गप ऱ्हावा आन म्या सांगते ते लिवा."

दुसऱ्या वाक्यावर आनंदरावांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. मग स्वतःचा एकही शब्द न घालता त्यांनी पत्र पुरं केलं. धोंडाबाईंनी खाली अंगठा उठवला आणि पोस्टाच्या पेटीत ते स्वतःच्या हाताने टाकलं.

पत्र एवढंच होतं:

‘फोटो काढायला जरूर या. येताना होडी आणा. माझं शेत धरणात बुडून सात वर्षं झाली.’