शेवटचं माप

"अडतीस मापं झाली, काका," ती लिहून घेणारा इदरीस म्हणाला आणि वही मिटून पाणी आणायला गेला.

निंबा शिंप्याला हेच हवं होतं. दर साली मापं संपली की पोरं पांगायची, इदरीस नेमका पाण्याला जायचा, आणि चिंचेखाली निंबा एकटा उरायचा. गळ्यात टेप, कानावर खडू. मग तो हळूच म्हणायचा, "चल रे, आता तू."

आणि तो यायचा.

सोनगीरच्या पुढे, आग्रा रोडला लागून जुलेखाआपाची ही शाळा. वीटभट्टीवरची, हमालांची, विड्या वळणाऱ्या बायांची, काही तर आईबाप दोन्ही नसलेली मुसलमानांची पोरं इथंच राहायची, शिकायची, लोकांनी दिलेल्या ज्वारीवर वाढायची. ईदच्या सदऱ्यांसाठी मालेगावचा एक यंत्रमागवाला कापडाचं ठाण धाडायचा. रमजानच्या आधीची शबे-बरात झाली की निंबा येऊन मापं घ्यायचा. शिलाई घेत नसे. पहिल्याच साली आपा म्हणाली होती, "मग तुमच्या पोराचा सदराही याच ठाणातला." तेव्हापासून रांगेत शेवटी त्याचा सुपडू उभा राहायचा.

तीन पोरं गेल्यावर झालेला. सुपात घालून शेजारणीला विकला आणि मूठभर दाणे देऊन परत घेतला, म्हणून सुपडू. अशा नावानं मरण फसतं म्हणतात. फसलं, पण नऊच वर्षं. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात काविळीनं गेला. शाळेच्या धान्यकोठीच्या दारचौकटीवर निंबा सगळ्या पोरांच्या उंचीच्या रेघा खडूनं मारायचा, त्या दर पावसात पुसून जायच्या. सुपडूची तेवढी कुणीतरी चाकूनं कोरून ठेवली होती.

पुढच्या साली मापं संपली आणि सवयीनं जीभ बोलून गेली, "चल रे, आता तू."

बोलल्यावर निंबानं नजर टेपेवरच ठेवली. मान वर करायचा धीर होईना. तेवढ्यात टेपेसमोर एक पोरगं येऊन उभं राहिलं. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, मान खाली. छाती चोवीस. उंची तीच.

आज आठवी खेप. बाकीच्या पोरांच्या छात्या भरल्या, काहींना मिसरूड फुटलं, हा चोवीसच. बोलायचा नाही. दंड मात्र एका साली बारीक, एका साली भरलेला. तिकडे खाण्यापिण्याचा नेम नसेल, अशी निंबानं स्वतःची समजूत घातली होती. एकदा तर त्याला उचकी लागली. कुणी एवढी आठवण काढली असेल, हे निंबाला कळेना. "आपणच. दुसरं कोण शे त्याले," त्याची बायको भागाबाई म्हणाली.

सदरे तो एकोणचाळीस द्यायचा. एक जास्तीचा आहे असं आपा कधी म्हणाली नाही.

तो आला होता का, हे भागाबाई दर साली दारातच विचारायची, "उना व्हता का?"

"उना व्हता."

तेवढ्यावर तिचं साल निघायचं. यंदा मात्र तिनं वेगळंच धरलं. निंबाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुढल्या साली पुतण्या मगन टेप धरणार. "डोया जावाना आधी पोऱ्यानं तोंड दखी या," ती म्हणाली. "मंग माले सांगा."

तोंड पाहिलं की तो यायचा बंद होईल, असं निंबाला वाटत आलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. पण इतक्या सालांत त्यानं नजर टेपेवरून हलू दिली नव्हती.

"चल रे, आता तू."

चिंचेची वाळली पानं कुरकुरली. कुणीतरी समोर आलं. खांदा झाला, बाही झाली. उंची घेताना पोराच्या टाचा थरथरत होत्या. भितंय, निंबाला वाटलं. स्वतःच्या बापाला भितंय.

"ऐक," तो म्हणाला. "पुढल्या साली टेप मगनच्या हाती राहील. मी इथंच बाजूला बसेन. तू येत जा. दिसलं नाही तरी मी हातानं ओळखेन."

टोपी जराशी हलली.

मग निंबानं हनुवटीला दोन बोटं लावून तोंड उजेडाकडे केलं. डोळ्यांपुढं नुसतं दूध सांडलेलं. पण त्या दुधात एक नाक होतं, बसकं, भागाबाईच्या वळणाचं. निंबानं शपथेवर सांगितलं असतं.

पोरगं पळालं. इदरीस तांब्या घेऊन आला. "झालं, काका?"

"झालं."

इदरीस यंदा दहावीला. निकाल लागला की जाणार. सुपडूच्याच वयाचा, दोघं गोट्या खेळायचे. निंबानं त्याच्या रुंद खांद्यांवर नजर टाकली आणि लगेच काढून घेतली. पाणी पिऊन निघाला. भागाबाईला काय सांगायचं, ते फाट्यापर्यंत मनात चार वेळा म्हणून झालं. नाक. तुझंच.

एसटीची वाट बघताना हात गळ्याशी गेला, तर टेप नाही. तो मागे वळला आणि जवळ पडतं म्हणून कोठीच्या अंगानं आत शिरला.

कोठीच्या दाराशी बारक्या पोरांची रांग होती. निंबाला ती नुसते ठिपके दिसली; आवाज मात्र स्वच्छ आला. इदरीस एकेकाला चौकटीला टेकवून उभं करत होता.

"टाचा उचलायच्या नाहीत. आज गफूरच्या केवढ्या हालत होत्या," तो म्हणत होता. "मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा बरोबर रेघेएवढा भरलो होतो. आता मी चाललो, तर मागं तुम्हीच सांभाळायचं. कोरलेल्या रेघेच्या चार बोटं खाली कोण भरतो बघू; सालभरात तेवढं वाढतं. तोच पुढल्या सालचा सुपडू."