परतीचा मॉनिटर

मॉनिटरच्या काळ्या पडद्यावर तीन आडवे पांढरे पट्टे दिसले तेव्हा बसवेशला आधी वाटलं, पॅनेलच गेलं. जवळ जाऊन पाहिलं तर विभूती. नुकतीच लावलेली, कडेनं वाळत आलेली.

"आई!"

गंगासागरबाई पदराला हात पुसत दारात आल्या. घरात नवी वस्तू आली की देवघरातली विभूतीची वडी ओली करून तिच्यावर तीन बोटं ओढायची, हा त्यांचा नेम. फ्रीजवर ओढली होती, मोटारसायकलच्या टाकीवर ओढली होती.

"कावून हात लावलास? मी चिकटपट्टी आणाया गेलतो तेवढ्यात? आपला न्हाई त्यो! आज परत जायचाय!"

"आपला नसला म्हून काय झालं? घरी तर आलाय. आठ दिस तसाच बसलाय बिचारा."

आता या माउलीला काय सांगायचं! माजलगावच्या या दोन खोल्यांत बसून बसवेश कॉम्प्युटरच्या वस्तू पारखून दाखवणारे मराठी व्हिडिओ करी. तीन वर्षं त्याने कंपन्यांना वस्तू मागितल्या आणि तीन वर्षं कुणी हिंग लावून विचारलं नाही. मग एका कंपनीने हा मॉनिटर पाठवला. बत्तीस इंची, सेकंदाला एकशेऐंशीदा चित्र बदलणारा म्हणजे एकशेऐंशी हर्ट्झचा, गेम खेळणाऱ्या पोरांच्या खिशाला झेपेल असा. अट एकच, आला तसा परत द्यायचा. मग दर महिन्याला नवी वस्तू येणार होती. पस्तिशीला टेकलेल्या बसवेशला याहून दुसरं काही येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

आठ दिवस तो त्या पडद्यापुढून हलला नाही. गाड्यांची शर्यत लावली, चित्र लोण्यासारखं सरकलं. अंधाऱ्या भुयाराचा गेम लावला, तेव्हा पळणाऱ्या माणसामागे काळपट सावली ओढली जायला लागली. स्टँड थोडा डुगडुगायचा. तरीही या किमतीत याला तोड नाही, असं त्याने मनापासून लिहून ठेवलं होतं. काळा पडदा खरंच काळा दिसतो का, एवढं एकच चित्रीकरण उरलं होतं.

त्याने खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि खसाखसा पुसायला सुरुवात केली. पडदा कोरड्या फडक्याने पुसू नका, हे लोकांना त्यानेच शंभरदा सांगितलेलं. पण राग आला की माणसाची अक्कल चरायला जाते.

"अरं हळू, पाणी लाव की जरा," गंगासागरबाई म्हणाल्या.

पट्टे गेले. बसवेशने पांढरा पडदा लावून पाहिला. टॉवेल जसा गरगर फिरला होता, तशी गोल गोल धुरकट नक्षी मधोमध उमटली होती. राखेच्या कणांनी वरचा चकाकी रोखणारा नाजूक थर खरवडून काढला होता. मग त्याने मऊ कापड आणलं, पाणी लावलं, फुंकर घातली. त्याने काय होणार?

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातला रविराज होता.

"बसवेश सर, कुरिअरवाला निघालाय. पॅनेल ठीक आहे ना?"

बसवेशने आईकडे पाहिलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती.

"सर, जरा ओरखडे आलेत," तो म्हणाला. "आईनं केलं. अडाणी बाई हो, पूजा केली पडद्याची. आन् घासून पुसलं."

गंगासागरबाईंनी तांब्या खाली ठेवला.

"अरेरे," रविराज म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "तुमच्या हातून झालं असतं ना सर, तर काहीच नव्हतं. टेस्टिंगमध्ये होतंच असं, मी नोंद करून मोकळा झालो असतो. पण घरातली माणसं वस्तू हाताळतात म्हटल्यावर पुढच्या नाही पाठवता येणार. नियमच आहे. हा व्हिडिओ मात्र टाका हं. छान बोलता तुम्ही."

'माझ्याच हातून झालं,' हे बसवेशच्या अगदी ओठावर आलं. पण आता ते खरं कोण मानणार होतं? फोन बंद झाला आणि तो भिंतीला टेकून मटकन खाली बसला. खरं बोलला असता तर निभावलं असतं. खोटं बोलला, तेही कुणावर ढकलून, तर जिने हळू म्हटलं तिच्यावर. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुरिअरवाला आला. मायलेकांनी मिळून मॉनिटर थर्माकोलमध्ये बसवला. गंगासागरबाईंनी हात पदरात गुंडाळून खोक्याची एक बाजू धरली. खोकं गेलं तरी त्या दारातच उभ्या राहिल्या.

"पुढचा कवा येणार?"

बसवेशला खरं काय ते सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"दिवाळीच्या टायमाला."

"मंग मी आधीच परळीला जाते, तुझ्या मावशीकडं. औंदाची दिवाळी तिकडंच करीन. तुझ्या वस्तूला माजा हात लागाया नको."

"बरं," बसवेश म्हणाला.