एक्केचाळीस नंबर

लोरीन पहिल्यांदाच तिकीट काढून आत आली होती. अमेरिकेतल्या डुलुथच्या त्या जुन्या हॉलमध्ये रोलर डर्बीच्या, म्हणजे चाकांच्या स्केट्सवरच्या धक्काबुक्कीच्या खेळाच्या, रिंगणाला चिकटून ती जमिनीवरच बसली, डावा पाय लांब करून. गुडघ्यात आता धातूची वाटी होती आणि डॉक्टरांनी स्केट्सचं नाव काढू नकोस म्हणून बजावलं होतं. दोन वर्षं तिनं त्यांचं ऐकलं. पटलं मात्र एक दिवसही नाही.

"एवढ्या उकाड्यात स्वेटर कसला घातलायस?" शेजारची बेव्ह म्हणाली. बारा वर्षं दोघी एकाच संघात खेळल्या होत्या. "काढ की."

"मला थंडी वाजतेय."

"खोटारडी! बरं, त्या पोरीला काय सांगणार आहेस? महिना झाला तिनं विचारून."

जुन्या खेळाडूचा नंबर हवा असेल तर आधी तिला विचारायचं, असा संघाचा रिवाज होता. लोरीनचा एक्केचाळीस दोन वर्षं रिकामा पडून होता आणि त्या पोरीला तोच हवा होता. 'मी परत येणार आहे,' असं सांगून तिनंच तो अडवून ठेवलेला. एकदा दिला की परत येणं संपलं.

ती पोरगी, मार्लो, शेवटच्या खेळीसाठी रिंगणात उभी होती. हेल्मेटवर चांदणी, म्हणजे गुण मिळवायचं काम तिचं. दंडावर सगळ्याजणींसारखाच मार्करनं लिहिलेला नंबर, पण तात्पुरता. संघ दोन गुणांनी मागे होता.

शिट्टी झाली. मार्लो खांदा पाडून समोरच्या बायकांच्या घोळक्यात घुसली, दोन धक्के खाल्ले आणि आतल्या रेषेवरून सगळ्यांत आधी बाहेर निसटली. आधी सुटेल तिला एक हक्क असतो: कमरेवर हात आपटले की खेळी थांबते. पूर्ण फेरी मारून मार्लोनं पुन्हा घोळका गाठला आणि चौघींना मागे टाकलं. चार गुण! पण समोरच्या संघाची चांदणीवालीही आता सुटली होती आणि सुसाट येत होती.

"थांबव! अगं, थांबव आता!" लोरीन ओरडली. तिचे दोन्ही हात तिच्या स्वतःच्याच कमरेवर थडाथड आपटत होते.

मार्लोनं कमरेवर हात मारले. शिट्टी वाजली आणि हॉल उठून नाचायला लागला. क्षणभर लोरीनला वाटलं, आपणच थांबवली खेळी. मग तिचं लक्ष स्वतःच्या लांब केलेल्या पायाकडे गेलं आणि तिला रडूच आलं. बेव्ह मुद्दाम दुसरीकडे बघत राहिली.

मॅच संपली की खेळाडू कडेकडेनं फिरत प्रेक्षकांना टाळ्या देतात. मार्लो टाळी देऊन पुढे गेली नाही.

"तुम्ही उत्तर दिलं नाहीत अजून."

लोरीननं नाक पुसलं. "बेव्ह, मार्कर दे."

बेव्हनं खिशातून काढून दिला. मार्लो गुडघ्यावर बसली. तिचा दंड घामानं चिंब होता.

"ओल्यावर लागत नाही हे," लोरीन म्हणाली. आजूबाजूला पुसायला काही नव्हतं. थोडी थांबून तिनं स्वेटर काढला आणि त्यानंच पोरीचा दंड कोरडा केला.

मार्लो मात्र तिच्या उघड्या दंडाकडे बघत होती. तिथं काळ्याभोर, ठसठशीत आकड्यांत एक्केचाळीस लिहिलेला होता. त्याच दिवशी सकाळचा.

"सवय," लोरीन म्हणाली. "मॅच असली की हात आपोआप जातो." मार्लोचा जुना नंबर तिनं एका रेघेत खोडला आणि खाली सावकाश, नीट, एक्केचाळीस लिहिला.

"मग तुमचा?" मार्लोनं हळूच विचारलं.

लोरीननं मार्करला टोपण लावलं.

"घरी जाऊन घासते. पण साबणानं लगेच जात नाही गं ते. चार दिवस तरी राहतंच."