तांदळांवरचे नाव

पणजीतल्या शिंक्रे वकिलांनी पोर्तुगीज राजवटीतला जन्मदाखला आईपुढे सरकवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "यात शेवंती आहे, आधार कार्डावर सुलोचना. दोघी एकच आहेत हे सिद्ध झालं नाही, तर पोर्तुगालचं नागरिकत्व तुम्हांला नाही, तुमच्या मुलालाही नाही."

"लग्नात मुलीचं नाव बदलण्याची आमच्यात रूढी आहे," मी तीन वर्षांत दहाव्यांदा बजावले. "हे पोर्तुगालच्या अधिकाऱ्यांना कळवा."

"कळवलं, साहेब. ते विचारतात, नवं नाव नोंदवलं कुठे?"

"ताटात," आई म्हणाली. "ह्यांनी अंगठीनं तांदळांवर लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळांचा मी भात केला."

वकील हसले. मला हसू येईना. परक्या सरकारशी मी इतक्या नेटाने भांडलो, आणि एकमेव पुरावा आमच्याच घराने खाऊन टाकला होता.

"अर्ज रेटून पाहू," वकील म्हणाले. "पुढचा रकाना. तुमच्या पत्नीचं लग्नाआधीचं नाव?"

माझ्या लग्नात मीही अंगठी फिरवली होती. तिचे आधीचे नाव चटकन ओठांवर येईना.

"बकुळा," आई म्हणाली. "तू घरात नसलास की मी तिला त्याच नावानं हाक मारते."