आखाजीची घागर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वारलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. ती भरली की जीव तृप्त होऊन मार्गी लागतो. यंदा बायकोची घागर भरायला लागू नये म्हणून तोताराम सकाळीच घर सोडून दोंडाईच्याला आला आणि कापूसव्यापाऱ्याच्या जुन्या हवेलीतल्या घरगुती लॉजवर उतरला. दुपारचं जेवण वाढताना मालकीण सुगनबाई हसली. "भाऊ, खोली एकट्याची घेतली अन् वहिनींना चोरून आणलं का? मघापासून पाणीच मागताहेत. तांब्यावर तांबे दिले, तहान काही भागत नाही." तोताराम जेवण सोडून उठला. भरलेला तांब्या घेऊन तो जिना चढला. खोलीत कोणीच नव्हतं. सगळे तांबे कोरडे होते. तांब्या खिडकीत ठेवून तो दाराकडे तोंड करून उभा राहिला. पाठीमागे घटाघटा पिण्याचा आवाज आला. "बठ्ठं पानी पी ले, थेंबन् थेंब," तो म्हणाला, "पन जाऊ नको."