दोन्हीकडचे बुश

कळमन्याच्या गॅरेजात ताराचंद मिस्त्रीने शववाहिका जॅकवर घेतली आणि टॉमीची पहार घालून दोन्ही चाकांचे आर्म हलवून पाहिले. धक्के झेलणाऱ्या डाव्या बुशचं रबर पार फाटलं होतं. तो काढून त्याने नवा दाबून बसवला. उजव्याला नुसत्या भेगा पडल्या होत्या.

"हा राहू दे गा मोरेश्वर," तो ड्रायव्हरला म्हणाला, "अजून दिवाळीपर्यंत आरामात चालते."

"नाही. दोन्हीकडचे बदल."

"काहून उगाच? तुह्या गाडीतला माणूस काय धक्के बसून राहिले म्हणून तक्रार करते?"

मोरेश्वर हसला नाही. फाटका बुश हातात फिरवत तो म्हणाला, "सोमवारी एक जवान पोरगं नेऊन राहिलो होतो. स्मशानघाटाजवळच्या खड्ड्यात गाडी अशी आदळली, का चादरीखाली त्याचा हात हालला. बाजूले माय बसली होती. ओरडली, 'जित्ता हाये माहा लेक, गाडी फिरवा!' सगळ्यांनी समजावलं, पण माय काही ऐके ना. शेवटी घाटाच्या फाटकातून गाडी वळवली अन् परत दवाखान्यात नेली."

ताराचंदच्या हातातला पाना तसाच राहिला. "मंग?"

"मंग काय. डॉक्टरनं पुन्हा तपासलं. सकाळी जे सांगतलं होतं, तेच त्या मायले दुसऱ्यांदा ऐकावं लागलं."